दोन आवाज आणि एक गिटार : ओबर्नडॉर्फच्या चर्चमधली १८१८ ची नाताळरात्र

२४ डिसेंबर १८१८. ऑस्ट्रियातल्या साल्त्सबुर्गच्या उत्तरेला, साल्त्साख नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावात सहायक धर्मगुरू योझेफ मोर यांनी चर्चचे ऑर्गन सांभाळणाऱ्या फ्रान्त्स क्साव्हर ग्रूबर यांच्या हाती एक कविता दिली आणि चाल मागितली. मागणी मोघम नव्हती. दोन एकल आवाज, त्यांना जोड गायकवृंदाची आणि साथ गिटारची, एवढ्यांना पुरेल अशी चाल हवी होती. ग्रूबर यांनी ती त्याच संध्याकाळी आणून दिली आणि त्याच पवित्र रात्री ती सेंट निकोलस चर्चमध्ये गायली गेली.

हे सारे खुद्द ग्रूबर यांनी ३० डिसेंबर १८५४ रोजी लिहून ठेवले आहे. स्वतःच्या चालीला त्यांनी त्यात ‘साधी रचना’ म्हटले आहे, आणि लोकांनी ती मनापासून उचलून धरली असेही नोंदवले आहे. आपण ‘सायलेंट नाइट’ म्हणून गातो ते हेच गीत.

जगप्रसिद्ध गाण्याची जन्मकथा म्हणून ही घटना शेकडो वेळा सांगितली गेली आहे. मला तिच्याकडे एका धर्मग्रामाचे, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भाविकांचे, प्रकरण म्हणून पाहायचे आहे. नाताळ तोंडावर आहे, चर्च गरीब आहे, गायक मोजके आहेत आणि उपासना तर नीट व्हायला हवी. अशा वेळी त्या दोघांनी नेमके काय ठरवले, हा माझा प्रश्न आहे. माझ्या मते या गीताचे मोठेपण त्या मागणीतच आहे. आपल्याजवळ कोण आहे आणि त्यांना काय झेपेल, हे आधी पाहिले गेले आणि संगीत त्यानंतर लिहिले गेले.

गाव कोणत्या अवस्थेत होते

ओबर्नडॉर्फ हे मुळात स्वतंत्र गावही नव्हते. नदीपलीकडच्या लाउफेन शहराचे ते उपनगर. हालाइनच्या खाणींतले मीठ नावांनी खाली यायचे, लाउफेनजवळ ते मोठ्या नावांत भरले जायचे आणि पुढे जायचे. नावाडी, हमाल, नावा बांधणारे सुतार, सगळ्यांचे पोट या मिठावर चालायचे. सेंट निकोलस हा नावाड्यांचा रक्षक संत, म्हणून चर्चही त्याच्याच नावाचे.

नेपोलियनच्या युद्धांत साल्त्सबुर्गची मालकी सारखी बदलत राहिली. शतकानुशतके येथे राजसत्ताधारी आर्चबिशपांचे राज्य होते, ते १८०३ मध्ये संपले. १८१० मध्ये प्रदेश बव्हेरियाकडे गेला आणि १८१६ मध्ये ऑस्ट्रियाकडे आला. या शेवटच्या वाटणीत साल्त्साख नदीच सीमा ठरली. लाउफेन बव्हेरियात राहिले, ओबर्नडॉर्फ ऑस्ट्रियात आले. एका शहराचे दोन देशांत दोन तुकडे झाले. मुख्य चर्च पलीकडे राहिल्यामुळे अलीकडच्या लोकांसाठी सेंट निकोलस चर्चचा नवा धर्मग्राम उभा करावा लागला. ग्रूबर यांच्या नोंदीतही ‘नव्याने स्थापन झालेला धर्मग्राम’ असाच उल्लेख आहे.

त्यात निसर्गही फिरला होता. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्याची राख वातावरणात पसरून १८१६ साली युरोपात उन्हाळा आलाच नाही. पिके गेली, धान्य महागले, मध्य युरोपातले कितीतरी भाग उपाशी राहिले. सीमेने व्यापार आखडला होता, थंडीत नावा काठाला लागल्या की नावाड्यांना काम नसायचे. अडीच वर्षांच्या या धर्मग्रामाकडे संगीतासाठी फार काही असण्याची शक्यता नव्हती. ऑर्गनवादकाची स्वतंत्र नेमणूकही नव्हती. ग्रूबर हे तीन-चार किलोमीटरवरच्या आर्न्सडॉर्फचे शाळामास्तर. १८१६ पासून ते ओबर्नडॉर्फचे ऑर्गनही सांभाळत होते.

मोर आणि ग्रूबर

योझेफ मोर यांचा जन्म ११ डिसेंबर १७९२ रोजी साल्त्सबुर्गमध्ये झाला. आई विणकाम करून पोट भरणारी, अविवाहित. वडील सैनिक, सैन्यातून पळून गेलेले. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून नाव लागले ते शहराच्या फाशीगाराचे. त्या समाजात याहून खालची पायरी नव्हती. पण कॅथेड्रलच्या संगीताची जबाबदारी असलेल्या हीर्नले नावाच्या धर्मगुरूंनी या मुलाचा आवाज हेरला, त्याला शिकवले, वाद्ये हाती दिली. विवाहाबाहेर जन्मलेल्याला धर्मगुरू होण्यासाठी खास परवानगी लागे. ती मिळून १८१५ मध्ये मोर यांना गुरुदीक्षा झाली. लुंगाउच्या डोंगराळ भागात मारियाप्फार येथे ते सहायक होते. तिथेच १८१६ मध्ये त्यांनी ही सहा कडव्यांची कविता लिहिली. १८१७ मध्ये ते ओबर्नडॉर्फला आले.

म्हणजे कविता त्या रात्रीसाठी सुचलेली नव्हती, ती दोन वर्षे तयार होती. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याने त्या संध्याकाळच्या धावपळीचे चित्र बदलते. शब्द पारखून झालेले होते. उरलेले काम चालीचे, आणि ते जाणत्या हाती दिले गेले.

ग्रूबर हे मोर यांच्याहून पाच वर्षांनी मोठे. हॉखबुर्ग भागातल्या, लिननचे कापड विणणाऱ्याचे चिरंजीव. १८०७ पासून ते आर्न्सडॉर्फला शिकवत होते. त्या काळच्या खेड्यातला मास्तर म्हणजे चर्चचा ऑर्गनवादक, गायनशिक्षक आणि बऱ्याचदा चर्चची देखभाल करणाराही. कोणत्या मुलाचा आवाज कुठवर चढतो, कोणता नावाडी सूर धरतो, हे अशा माणसाला पुस्तकात शोधावे लागत नाही.

तिसरी व्यक्तीही विसरता येणार नाही. ओबर्नडॉर्फचे नवे प्रमुख धर्मगुरू न्योस्टलर यांचे मोर यांच्याशी जमत नव्हते. त्यांनी वरिष्ठांकडे तक्रार केली होती. हा सहायक चारचौघांत मिसळतो, भक्तीला न शोभणारी गाणी गातो, असा तिचा रोख होता. मोर यांना १८१९ मध्येच दुसरीकडे पाठवले गेले. एकाच धर्मग्रामात दोन धर्मगुरूंची संगीताची समज इतकी वेगळी असणे आजही नवे नाही. नावाड्यांबरोबर गिटार वाजवून गाणाऱ्या माणसाने तीच गिटार चर्चमध्ये आणली, हे या तक्रारीच्या पार्श्वभूमीवर वाचले की त्या निर्णयातले धैर्य कळते.

मागणीत काय काय होते

सगळ्यात आधी भाषा. या गीताने पहिल्यांदा लोकभाषा चर्चमध्ये आणली, असे अनेकदा लिहिले जाते. ते खरे नाही. मिस्सा, म्हणजे कॅथलिक चर्चची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होती हे बरोबर, पण साल्त्सबुर्गचे आर्चबिशप कोलोरेडो यांनी १७८२ च्या आपल्या प्रसिद्ध परिपत्रात चर्चमधल्या अवाजवी थाटाला आळा घालून लोकांनी जर्मन स्तोत्रे गावीत असा आग्रह धरला होता. त्यांच्या काळात जर्मन स्तोत्रसंग्रह निघाला आणि पुढे संगीतकार मिखाएल हायडन यांनी तो सुधारून दिला. मोर आणि ग्रूबर दोघेही या वातावरणात वाढले. शिवाय आल्प्सच्या खेड्यांत मेंढपाळांची आणि येशूच्या जन्माच्या गोठ्याची नाताळगीते पिढ्यानपिढ्या गायली जात होती. जर्मन गाणे ऐकून ओबर्नडॉर्फमध्ये कोणी चकित झाले नसणार. नवे होते ते त्या गाण्याचे रूप.

दोन एकल आवाज म्हणजे मोर आणि ग्रूबर स्वतः. वरचा आवाज मोर यांचा, खालचा ग्रूबर यांचा. गिटार मोर यांच्याच हाती. रात्री हमखास हजर असतील अशा दोन माणसांवर सगळा भार टाकलेला. गायकवृंदाकडे पूर्ण गीत दिलेच नाही, प्रत्येक कडव्याची अखेर तेवढी चार आवाजांत उचलायची. सहा कडवी, म्हणजे अखेर सहा वेळा येणार. पहिल्यांदा चाचपडले तरी तिसऱ्या कडव्यापर्यंत आवाज बसतात. संध्याकाळी चाल मिळून रात्री गायची असेल, तर याहून शहाणी वाटणी मला सुचत नाही.

आता चालीची बांधणी पाहा. सहा-अष्टमांशाचा झुलता ठेका. संगीतात याला सिसिलियाना म्हणतात, आणि मेंढपाळांच्या दृश्यांसाठी व अंगाईसाठी तो युरोपात फार आधीपासून रुळलेला होता. मूळ स्वरपट्टी डी मेजर. गिटारवर सगळ्यात सुखाने वाजणाऱ्या पट्ट्यांपैकी ही एक, आणि साथीला लागतात मुख्यतः तीनच कॉर्ड्स : डी, ए आणि जी. दोन्ही आवाज बराच वेळ एकमेकांच्या हातात हात घालून, ठरावीक अंतराने समांतर चालतात. आल्प्समधल्या लोकांना दोन आवाजांत असे गायची सवयच होती, खालचा आवाज त्यांना लिहून द्यावा लागत नसे.

एक बारकावा तर मी गायकवृंदाच्या तालमीत दरवेळी दाखवतो. गीताचा पहिला, मोठा भाग एका सप्तकाच्या आत राहतो. सगळ्यात उंच स्वर शेवटच्या ओळीच्या पहिल्या फेरीत येतो आणि सगळ्यात खालचा, म्हणजे मूळ षड्ज, तिच्या दुसऱ्या फेरीच्या अगदी अखेरीस. चढण आणि उतरण दोन्ही तिथेच, जिथे गायकवृंद येऊन मिळतो. चाल म्हणून ती सोपी वाटते, पण तिचा एकूण पल्ला सप्तकाहून चांगलाच मोठा आहे. तो अवघड टप्पा एकट्या माणसावर न टाकता अनेकांच्या आवाजात उचलला गेला.

शब्दांकडेही थोडे थांबून पाहायला हवे. आज बहुतेक ठिकाणी सहापैकी तीनच कडवी गातात : पहिले, सहावे आणि दुसरे. त्यामुळे चौथे कडवे कानावरून जातच नाही. त्यात देवाचे पितृप्रेम आज ओसंडले आणि येशूने जगातल्या सगळ्या राष्ट्रांना भाऊ म्हणून कवेत घेतले, असे म्हटले आहे. कविता १८१६ ची. युद्धे नुकतीच थांबलेली, प्रदेशाची मालकी बदललेली. नदीत आखलेल्या सीमेच्या काठावर बसून दोन वर्षांनी ते कडवे गायले गेले, तेव्हा पलीकडच्या काठावर त्यांचेच नातलग होते. हे कडवे गाळले की गीत केवळ बाळाची अंगाई उरते. मला ते खुपते.

उंदरांची गोष्ट

उंदरांनी ऑर्गनचे भाते कुरतडले, ऑर्गन बंद पडला, म्हणून नाइलाजाने गिटार घ्यावी लागली, ही कथा सगळ्यांनी ऐकलेली आहे. त्या काळच्या कोणत्याही कागदात तिला आधार नाही. ग्रूबर यांच्या १८५४ च्या नोंदीत ऑर्गन बिघडल्याचा शब्दही नाही. ऑर्गन जुना असणे आणि त्याची दुरुस्ती लागणे शक्य आहे. टिरोल प्रांतातल्या त्सिलरटाल खोऱ्यातले ऑर्गन-कारागीर कार्ल माउराखर यांचे ओबर्नडॉर्फला येणे-जाणे होते आणि काही वर्षांनी त्यांनी तिथे नवा ऑर्गनही बांधला. पण त्यावरून त्या रात्री ऑर्गन मुका होता असे ठरत नाही.

या कथेला माझा विरोध केवळ पुराव्यापुरता नाही. तिच्यामुळे एका विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयाला अपघाताचे रूप येते. मोर यांनी गिटार मागितली होती. ती वाजवता येत होती, गाणाऱ्याच्या हातात राहत होती आणि चर्चमध्ये मांडलेल्या येशूजन्माच्या गोठ्यापाशी उभे राहून गाता येत होते. गिटार हे त्या काळी घरातले आणि खानावळीतले वाद्य. लॅटिन मिस्सेच्या मुख्य विधीत तिला सहज जागा मिळाली नसती. गीत मिस्सा चालू असताना झाले की ती संपल्यावर, हे ग्रूबर यांची नोंद सांगत नाही. मिस्सेनंतर, लोक गोठ्याभोवती जमल्यावर गायले गेले असावे, हा अनेक अभ्यासकांचा अंदाज मला पटतो. विधी आपल्या जागी अबाधित राहिला आणि लोकांच्या भक्तीला तिचा स्वतःचा क्षण मिळाला.

गीत गावाबाहेर गेल्यावर

पुढची वाटचाल थोडक्यात. माउराखर यांच्यामार्फत गीत त्सिलरटालमध्ये गेले. तिथल्या श्ट्रासर आणि राइनर या गाणाऱ्या कुटुंबांनी ते उचलले. श्ट्रासर भावंडे हातमोजे विकायला १८३१ च्या हिवाळ्यात लाइपझिगच्या बाजारात गेली आणि तिथे ते गायली. लवकरच ड्रेस्डेनमध्ये ते छापून आले, ‘अस्सल टिरोली गीते’ या मथळ्याखाली, कवी-संगीतकाराच्या नावाविना आणि चालीत थोडे फेरफार करून. राइनर मंडळींनी १८३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ते गायले. १८५९ मध्ये जॉन फ्रीमन यंग यांचे इंग्रजी रूपांतर आले, आणि इंग्रजी जाणणारे जग आजही मुख्यतः तेच गाते.

गीत जितके पसरले तितकी दोघांची नावे मागे पडली. १८५४ मध्ये बर्लिनच्या राजदरबारी संगीतमंडळाने साल्त्सबुर्गला विचारणा केली : ही रचना मिखाएल हायडन यांची आहे का? इतकी नितळ चाल कोणा नामवंताचीच असणार, असा तो तर्क. ती चौकशी ग्रूबर यांच्यापर्यंत पोहोचली, म्हणून त्यांनी ती नोंद लिहिली. छापील संग्रहात चाल बदलली आहे हेही त्यांनी तीत सांगितले आणि मूळ चालीची प्रत जोडली. मोर तोवर गेले होते. ४ डिसेंबर १८४८ रोजी वाग्राइन येथे त्यांचे निधन झाले. गावाला शाळा मिळवून देण्यासाठी आणि गरिबांच्या मुलांना शिकता यावे म्हणून ते झटले, स्वतःपाशी काही ठेवले नाही. १९९५ मध्ये मोर यांच्या हस्ताक्षरातली या गीताची प्रत जाहीर झाली. तीत शब्द आपले, १८१६ चे, आणि चाल फ्रान्त्स क्साव्हर ग्रूबर यांची, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. गिटारची साथही तीत आहे. ग्रूबर यांची १८१८ ची मूळ प्रत हाती नाही, त्यामुळे ओबर्नडॉर्फच्या रात्रीच्या सगळ्यात जवळ नेणारा कागद हाच.

सेंट निकोलसचे ते चर्च आज उभे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साल्त्साखच्या पुरांनी ते खिळखिळे केले, गावच उंचावर हलवावे लागले आणि जुने चर्च पाडले गेले. त्या जागी १९३७ मध्ये एक छोटे स्मारक चॅपेल झाले.

आपल्या गायकवृंदांसमोर हे प्रकरण ठेवताना

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या दस्तऐवजात लोकभाषेला वाट मोकळी करून दिली. ऑर्गनचा मान कायम ठेवून, उपासनेला साजेशी इतर वाद्येही संबंधित अधिकाऱ्यांच्या संमतीने चालतील असे म्हटले. त्यामुळे वसईच्या धर्मग्रामांत मराठी मिस्सा आहे, हार्मोनियम-तबला आहे, गिटार तर आहेच. मोर यांना जे विधीच्या कडेला करावे लागले असावे, ते आपण वेदीच्या बाजूला बसून करतो.

तरीही नाताळच्या रात्री आपल्याकडे उलटा क्रम दिसतो. आधी एखादी मोठ्या गायकवृंदाची चौपदरी रचना निवडली जाते. मग आवाज शोधले जातात. टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाचा गायक, एकच असतो, तो दमतो. कीबोर्डचा आवाज वाढवून उणीव झाकली जाते आणि मैदानात मांडलेल्या खुर्च्यांवरची माणसे श्रोते होऊन बसतात. शेवटची ओळ उचलण्यापुरतीही त्यांना जागा राहत नाही. हे मला मनापासून खटकते, कारण नाताळला चर्चमध्ये येणाऱ्यांत वर्षभर न येणारेही असतात आणि त्यांना गायचे असते.

म्हणून तालीम सुरू करताना मी रचनांची यादी नंतर काढायला सांगतो. आधी मध्यरात्रीला नक्की हजर राहणारे आवाज लिहायचे : रात्रपाळी कोणाला आहे, गावाहून कोण येणार, गोठा करून थकलेली मुले किती वाजेपर्यंत टिकतील. खात्रीचे दोनच आवाज निघाले तर कडवी त्या दोघांनी गायची, गिटार किंवा हार्मोनियमवर, आणि अखेर गायकवृंदाने उचलायची. तिसऱ्या कडव्यापासून हात दाखवून लोकांना आत घ्यायचे. हेच गीत घ्यायचे असेल तर डी मेजर पुरुषांना वर चढते का ते पाहून पट्टी उतरवायची, कारण शेवटच्या ओळीतला उंच स्वर सगळ्यांच्या गळ्यात बसला पाहिजे. लय फार संथ ठेवायची नाही, नाहीतर ठेक्यातला झोका जातो आणि लांब श्वासांनी लोक मागे पडतात. आणि गाळलेले चौथे कडवे मराठीत आणता आले, तर एकदा गाऊन पाहायचे.